भाचीच्या नावाची सोडत

बाळाचं नाव चिठ्ठी काढून ठेवू नये.

हे मी काही शुभ-अशुभाच्या भीतीनं सांगत नाही. मी गणिताची शिक्षिका आहे. सोळा वर्षं झाली, तिरोड्याच्या एका शाळेत दहावीला संभाव्यता शिकवते. नाणं उडवणे, फासा टाकणे, पिशवीतून लाल-हिरवे चेंडू काढणे, हे सगळं मी फळ्यावर इतक्या वेळा केलं आहे की खऱ्या नाण्याची, फाशाची किंवा पिशवीची गरज मला कधी पडलीच नाही. फळ्यावरचं नाणं आज्ञाधारक असतं. ते कधी हरवत नाही. फळ्यावरच्या पिशवीत मी सांगेन तेवढेच चेंडू असतात. त्यामुळे जगही साधारण तसंच असावं, असा माझा समज होता.

तो समज माझ्या माहेरी, एका शनिवार-रविवारात संपला.

माझा धाकटा भाऊ प्रशांत गोंदियाला लागूनच, मुर्रीला राहतो. आई त्याच्याकडेच असते. त्याच्या लग्नाला सात वर्षं झाल्यावर त्याला मुलगी झाली. नाव ठेवायचा मान आमच्याकडे आत्याचा, म्हणजे माझा. (मान म्हणजे काय, तर नाव बाकीचे ठरवतात आणि बोलणी आत्या खाते.)

पहिला फोन आईचा आला.

"यशोधरा. दुसरं नाव मनात आनू नको."

दुसरा फोन प्रशांतचा. "ताई, रियांशी फायनल कर यार."

"म्हणजे काय रे?"

"मीनिंग गुगलवर आहे ना. बघून घे."

तिसरा फोन थेट दरेकशावरून. प्रशांतची बायको करुणा ही तिथली. तिची आई, ज्यांना आम्ही मावशी म्हणतो त्या, फोनवर एवढ्या मोठ्यानं बोलतात की फोनची गरज आहे की नाही अशी शंका यावी. "पोरी, माया मायचं नाव ठेवजो. फुलवंता! पूरा गावाच्या बाया तिच्या हातून बाळंत झाल्या. तिचं नाव कुठंच नाई राहिलं व!"

तिघांनाही मी "बघते" म्हटलं. खरी अडचण ही होती की माझ्याही मनात एक नाव होतं. प्रमेया! प्रमेय म्हणजे सिद्ध झालेलं विधान. केवढं सुंदर! मी ते मोठ्या उत्साहानं घरच्या ग्रुपवर टाकलं. तासाभरानं प्रशांतचं उत्तर आलं.

"ताई, प्रमेह म्हणजे ते शुगरवालं ना?"

"प्रमेह नाही रे, प्रमेया!"

"मग दवाखान्यातल्या फाईलवर लिहिलं त कसं ओळखाचं, नाव कोणतं अन् बिमारी कोणती?"

त्यावर आईनं हसण्याचे सहा चेहरे पाठवले. आईला ते पाठवता येतात हे मला त्या दिवशी कळलं.

आता चार माणसं, चार नावं, आणि कोणी मागे हटायला तयार नाही. अशा वेळी शहाणा माणूस काय करतो? तो चारही जणांना समोर बसवून बोलतो. मी शिक्षिका असल्यामुळे मी एक प्रयोग योजला.

शनिवारी दुपारी आम्ही दोघं मुर्रीला पोचलो. आमचे हे भेट म्हणून बोदलकसा तलावाचे मासे घेऊन आले होते, त्यामुळे त्यांचं स्वागत माझ्यापेक्षा चांगलं झालं. (हे कॉमर्सचे. बोलतात कमी, आणि ऐकतात त्याहून कमी. संसार त्यावरच टिकला आहे.) मावशी सकाळच्या गाडीनंच येऊन बसल्या होत्या. आतल्या खोलीत करुणा पाच आठवड्यांच्या बाळाला मांडीवर घेऊन होती. नामकरण दुसऱ्या दिवशी, रविवारी.

चहा झाल्यावर मी सगळ्यांना पुढच्या खोलीत बसवलं. भिंतीवरचं जुनं कॅलेंडर उलटं केलं, त्यावर स्केचपेननं 'नमुना अवकाश' असं लिहिलं आणि महिरपी कंसात चारही नावं मांडली.

"चार चिठ्ठ्या. चार नावं. मी डोळे मिटून एक काढणार. जे निघेल ते नाव. यात कोणाची बाजू नाही. प्रत्येक नाव निघण्याची संभाव्यता सारखी, एक छेद चार."

"कोन म्हन्ते?" मावशी म्हणाल्या. "निघल त निघल, नाई त नाई. दोनच गोष्टी. आधा-आधा झालं ना?"

ही चूक दर वर्षी वर्गात निदान दहा मुलं करतात. मी खुलले! "नाही मावशी. दोन गोष्टी असल्या म्हणजे त्या सारख्याच होतात असं नाही. उद्या दरेकशाला वाघ दिसेल किंवा दिसणार नाही. दोनच गोष्टी. म्हणून काय अर्धे दिवस वाघ दिसतो?"

मावशींनी थोडा विचार केला. "आमच्याकडं दिसते कदी कदी."

आईला वाघाशी देणंघेणं नव्हतं. "चारातून एक मनजे, तीन हिस्से माझं नाव निघनारच नाई?"

"हो आई. पण ते सगळ्यांचंच तसं आहे."

"सगळ्यांचं होऊ दे. मले माझं सांग."

इथं मी थांबायला पाहिजे होतं. पण समोरच्याला अजून पुरतं समजलेलं नाही असं दिसलं की माझ्या अंगात येतं. मी आणखी एक उदाहरण दिलं. "हे बघा, संभाव्यता चिठ्ठ्यांच्या संख्येवर असते. समजा, यशोधरा या नावाच्या एकाऐवजी तीन चिठ्ठ्या टाकल्या आणि बाकीच्यांची एकेक ठेवली. एकूण झाल्या सहा. त्यातल्या तीन यशोधरा. म्हणजे संभाव्यता तीन छेद सहा. सरळ अर्धी!"

सगळ्यांनी एकदम मान हलवली. आईनं, प्रशांतनं, मावशींनीसुद्धा. एकाच उदाहरणात सगळा वर्ग समजल्याचं मी सोळा वर्षांत पाहिलं नव्हतं. मला फार बरं वाटलं.

मग मी सगळ्यांसमोर चिठ्ठ्या लिहिल्या. वहीचं पान फाडून पहिल्या तीन केल्या. चौथी माझी. तेवढ्यात वही संपली, म्हणून ती मी आलेखाच्या जाड कागदावर लिहिली. तो नेहमी माझ्या पिशवीत असतो. वही खरंच संपली होती. (वहीत अठ्ठावीस पानं शिल्लक होती.)

आता लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा मी मनाशी म्हटलं होतं, जाड कागद म्हणजे काही फसवणूक नाही. मी काही तो शोधणार नाही. हाताला लागला तर लागला.

चिठ्ठ्या एका गंजात टाकल्या, गंज म्हणजे आमच्याकडचं पातेलं, आणि वर ताटली ठेवून तो स्वयंपाकघरात फ्रीजवर ठेवून दिला. जाता जाता आतल्या खोलीत डोकावून मी विचारलं, "करुणा, चिठ्ठी काढून ठरवतो आहोत. चालेल ना तुला?"

ती बाळाला थोपटत होती. म्हणाली, "तुम्ही म्हणाल तसं, ताई."

झालं! सर्वानुमते ठराव मंजूर.

त्या संध्याकाळी घरातल्या सगळ्यांना फार तहान लागली. मी पुढच्या खोलीत घटक चाचणीचे पेपर तपासत बसले होते. आधी आई पाणी प्यायला गेली. ताटलीचा खण्ण असा आवाज झाला. मग प्रशांत गेला. खण्ण! मला वाटलं, माठावरचं झाकण. मधेच आमचे हे येऊन म्हणाले, "तुझ्या पिशवीतला एक कागद घेऊ का?" मी मान वर न करता "घ्या" म्हटलं. थोड्या वेळानं मावशींना तहान लागली. खण्ण! उकाडा वाढला आहे, असं मी पेपरच्या कोपऱ्यात बघत स्वतःशीच म्हणाले, आणि एका मुलाच्या उत्तराला अर्धा गुण दिला. त्यानं लिहिलं होतं, 'पिशवीत किती चेंडू आहेत हे आधी उघडून बघावे.' वास्तविक त्याला पूर्ण द्यायला हवा होता.

रविवारी सकाळी आंघोळी आटोपून सगळे जमलो. करुणा बाळाला घेऊन खाटेवर बसली. आई म्हणाली, "नाव आत्याचं काम, त चिठ्ठी बी आत्यानंच काढाची." मी म्हटलं, ठीक आहे. प्रशांतनं गंज माझ्यासमोर धरला. मी डोळे मिटले आणि हात आत घातला.

चार चिठ्ठ्यांच्या मानानं गंज जरा भरलेला वाटला. पण मन आधीच गुन्हेगार असलं की ते मोजत नाही. माझी बोटं मऊ कागदांवरून फिरली आणि एका जाड, कडक घडीपाशी येऊन थांबली.

खरं सांगायला पाहिजे. मी एक क्षण थांबले. ही सोडून दुसरी घे, असं मनात आलं.

मग मी तीच घेतली.

चेहरा शक्य तितका निर्विकार ठेवून मी घडी उलगडली आणि मोठ्यानं वाचायला लागले, "प्र…" आणि अडकले. कागदावर लिहिलं होतं, 'फुलवंता'.

"असं कसं?" माझ्या तोंडून गेलं. "ही तर माझी चिठ्ठी!"

मावशी पदर डोळ्यांना लावायच्या बेतात होत्या, त्यांचा पदर अर्ध्यात राहिला.

"तुझी?" प्रशांत म्हणाला. "ताई, तुझी मनजे? डोळे बंद होते ना तुझे?"

"म्हणजे… कागद माझा. आलेखाचा."

"तुले हातानं समजलं?"

"जाड असतो तो."

"अन् तुझ्या नावाची चिठ्ठी जाड कागदावर होती?"

"वही संपली होती!"

आई उठली. तिनं प्रशांतच्या हातून गंज घेतला आणि सतरंजीवर पालथा केला. मी मोजल्या. पुन्हा मोजल्या. अकरा!

चारच्या अकरा झाल्या होत्या. यशोधराच्या तीन, अगदी माझ्या उदाहरणाबरहुकूम. रियांशीच्या तीन. फुलवंताच्या चार, पैकी तीन आलेखाच्या कागदावर. आणि बिचारी प्रमेया एक.

"आई!" मी म्हटलं.

"माझ्यावर कायले ओरडून राहिली? तूच त सांगतली, तीन टाकल्या का आधा हिस्सा!"

"ते उदाहरण होतं!"

"मग चांगलं होतं उदाहरण. मले समजलं."

"प्रशांत, तू?"

"मला माहीत होतं आई तीन टाकणार. मी बराबरी केली फक्त."

मावशींकडे वळले, तर त्या अजिबात दबलेल्या नव्हत्या. "मले लिवता येत नाई, पोरी. मी जवाईबापूले सांगतली, एक लिवून द्या. मग म्हनलं, सगळेच पानी पिऊन राहिले, त तीन लिवा."

मी आमच्या ह्यांच्याकडे बघितलं. ते शांतपणे म्हणाले, "त्यांनी तीन सांगितल्या, मी तीन लिहिल्या. कागद तुला विचारून घेतला होता."

तशा गोंधळातही माझ्या डोक्यात सवयीनं गणित चालू झालं. जाड चिठ्ठ्या एकूण चार. त्यातली माझी एक. म्हणजे चोरी करूनसुद्धा माझं नाव निघण्याची संभाव्यता एक छेद चार! प्रामाणिकपणे चार चिठ्ठ्यांतून काढली असती तर तेवढीच होती. अब्रू तेवढी जादा गेली.

"ते काही नाही," मी म्हटलं. "हा प्रयोग रद्द."

"रद्द कायले?" मावशी उसळल्या. "निघालं ना नाव!"

"मावशी, तुमच्या चार होत्या!"

"अन् तुयी जाड होती!"

प्रशांत म्हणाला, "छोड ना ताई. नाणं उडवू. नाण्यात कोणी घुसवाघुसवी नाही करू शकत."

चार नावं आणि नाणं एक! पण शिक्षक हरत नाही. "दोनदा उडवू," मी म्हटलं. "चार शक्यता होतात. छापा-छापा आलं तर यशोधरा. छापा-काटा, फुलवंता. काटा-छापा, रियांशी. काटा-काटा, प्रमेया."

"छापा-काटा अन् काटा-छापा एकच ना व?" आई म्हणाली.

"नाही आई. आधी काय आलं, नंतर काय आलं, यानं फरक पडतो."

"कसा पडते? एक छापा, एक काटा. पोटात गेल्यावर भात आधी खाल्ला का वरन आधी खाल्लं, कोन बघून राहिलं?"

"आई, तू जर ते एक धरलंस ना, तर तीनच शक्यता उरतात, आणि त्या सारख्या नसतात!"

"मग माझ्या नावाले ते मोठीवाली दे."

दहा मिनिटं आम्ही यावर भांडलो. आवाज एवढे चढले की शेजारची बाई कुंपणापाशी येऊन भांडी घासायला लागली. बाळ रडायला लागलं. शेवटी वैतागून मी नाणं उडवलं. ते पंख्याच्या पात्याला लागलं, भिंतीवर आपटलं, आणि गडगडत करुणाच्या खाटेखाली गेलं.

मी गुडघ्यांवर बसून खाटेखाली डोकं घातलं. अंधारात जुने डबे, एक पाटा आणि बरीच जळमटं होती. नाणं लांब कोपऱ्यात, भिंतीला टेकून उभं होतं. ना छापा, ना काटा!

तेवढ्यात वरून करुणाचा आवाज आला. ती कधीच मोठ्यानं बोलत नाही, तेव्हाही बोलली नाही.

"ताई, एक विचारू?"

"विचार ना," मी खाटेखालून म्हटलं.

"त्या अकरा चिठ्ठ्यांत माझी कोणती होती?"

मी डोकं बाहेर काढलं नाही. काढायला तोंडच नव्हतं. वर बाळाचं रडणं थांबलं होतं. कॅलेंडरवर मी ज्या ऐटीत नमुना अवकाश मांडला होता, त्यात बाळाच्या आईचं नाव नव्हतं. जी शक्यता यादीतच नाही, तिची संभाव्यता काय, हा एका गुणाचा प्रश्न मी दर वर्षी विचारते. उत्तर शून्य.

"तुले काही ठेवाचं होतं का व?" मावशींनी लेकीला विचारलं. "मंग मले सांगतली काऊन नाई?"

"तू विचारली का, माय?"

मग ती बोलली. मी अजून खाटेखालीच होते, त्यामुळे मला तिचा चेहरा दिसत नव्हता, फक्त जमिनीला टेकलेले दोन पाय दिसत होते. आणि ते एकमेकांना घासत होते.

"पाचव्या महिन्यात डॉक्टर म्हणाले, पन्नास-पन्नास. तेव्हापासून घरात सगळे माझ्याशी हळू बोलायला लागले. कोणी बाळाचं नावच काढत नव्हतं. सरिताताई तेवढी रोज यायची. बीपी बघायची, आणि जाताना म्हणायची, 'आजचा दिवस निघाला ना? झालं तर मग.' रोज तेवढंच. मी तेव्हाच ठरवलं होतं, मुलगी झाली तर सरिता. पाच आठवडे झाले, मी तिला सरिताच म्हणते. तिला समजतं."

सरिताताई म्हणजे मुर्रीच्या आशा सेविका. सायकलवर येतात. शनिवारी त्या फाटकातून डोकावून "बाळ बरं आहे ना?" विचारून गेल्या होत्या आणि मी त्यांना बसासुद्धा म्हटलं नव्हतं.

इथं एक गोष्ट सांगायला पाहिजे. दोन वर्षांपूर्वी करुणाचं एक बाळ सातव्या महिन्यात गेलं होतं. त्याला नाव नव्हतं. त्यामुळे या खेपेला डॉक्टरांनी पन्नास-पन्नास म्हटल्यावर तिचं काय झालं असेल, हे मला समजायला हवं होतं. मी तिरोड्याहून दर रविवारी फोन करत होते. तसाच त्या रविवारीही केला होता. आणि तिला काय म्हटलं होतं, ते मला खाटेखाली शब्दन् शब्द आठवलं.

"अगं, पन्नास टक्के म्हणजे चांगलंच आहे की! नाणं उडवल्यावर छाप्याची शक्यता असते तेवढी."

ती "हो ताई" म्हणाली होती आणि फोन ठेवला होता. मला वाटलं होतं, मी तिला धीर दिला.

सोळा वर्षं मी मुलांना सांगत आले की नाणं उडवलं की दोन शक्यता, दोन्ही सारख्या, पुढचं उदाहरण. नाणं हवेत असतं तेव्हा खाली उभ्या असलेल्या माणसाला चार महिने कसे काढावे लागतात, हे पाठ्यपुस्तकात नाही, आणि मलाही कधी सुचलं नाही. सरिताताईंनी पन्नासचे एकावन्न केले नव्हते. त्यांना ते जमणारही नव्हतं. त्या रोज येत होत्या, एवढंच. आकडा माझ्याकडे होता आणि सायकल त्यांच्याकडे.

मी बाहेर आले. केसांत जळमटं होती. करुणाकडे बघून म्हटलं, "माझं चुकलं गं." आणखी बरंच म्हणायचं होतं, पण ते पुढच्या खोलीत, सगळ्यांसमोर जमेना. तिनं हात पुढे करून माझ्या केसांतलं एक जळमट काढलं.

आता प्रश्न मावशींचा होता. कसंही का होईना, नाव त्यांचं निघालं होतं. त्या ती आलेखाच्या कागदाची चिठ्ठी मुठीत धरून बसल्या होत्या. त्यांना ती वाचता येत नव्हती, पण तिच्यावर त्यांच्या आईचं नाव होतं. मग त्यांनी चिठ्ठी घडी करून कनवटीला खोचली.

"माही माय ह्याच कामाची होती," त्या म्हणाल्या. "बाया सोडवाची. तिले राग नाई यायचा. ते मेली, हे बाई जित्ती हाये. जित्तीचं नाव ठेवा."

आईनं नाक ओढलं आणि प्रशांतला म्हणाली, "जा, बलावून आन तिले. खीर होऊन राहिली मनाव."

सरिताताई आल्या त्या घाईघाईत, कोणाला तरी ताप आला असेल असं समजून, पिशवी घेऊनच. त्यांना खाली बसवून करुणानं सांगितलं. त्यांचा चेहरा एकदम पडला.

"माझं नाव? अजी, चांगलं नाव ठेवा ना एखादं! आजकाल किती मस्त मस्त नावं निघून राहिलीत!"

"रियांशी, नाही का?" प्रशांत आशेनं म्हणाला.

आईनं त्याच्याकडे असं बघितलं की तो खिरीला वेलची पुरेल का ते बघायला आत निघून गेला.

सरिताताई दोनदा "नको जी" म्हणाल्या. तिसऱ्यांदा म्हणायला त्यांनी तोंड उघडलं, आणि करुणानं बाळ उचलून त्यांच्या ओटीत दिलं. त्यांनी पिशवी बाजूला ठेवली, पदरानं हात पुसले आणि बाळाकडे बघत बसल्या. बाळानं डोळे उघडले, त्यांचं बोट धरलं आणि जांभई दिली. मला वाटतं, ठराव तेव्हा मंजूर झाला.

बुद्धवंदना झाली. मग मला पुढे बोलावलं. नाव कोणीही ठरवो, कानात सांगायचं ते आत्यानंच. मी पाळण्यातल्या बाळाच्या कानाशी वाकले. आता हे ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते, आत्या वाकून कुर्रर्र करते तेव्हा मागे उभ्या असलेल्या बायांनी तिच्या पाठीत धपाटे घालायचे असतात. रीत आहे. लटके घालायचे असतात, हीसुद्धा रीतच आहे.

"कुर्रर्र, सरिता!" मी म्हटलं, आणि पहिला धपाटा बसला.

तो आईचा. वजनावरून ओळखला. दुसरा मावशींचा, शेतातल्या हाताचा, मला खोकला आला. तिसरा हलका, तो सरिताताईंचा. चौथा करुणाचा, आणि तोही हलका होता. तो हलका नसता तरी मी काही म्हटलं नसतं. झालं, असं समजून मी सरळ होणार, तेवढ्यात पाचवा बसला. चांगला रपकन. मग सहावा!

मागे बाया चारच होत्या. मी वळून बघितलं, तर खिरीची वाटी डाव्या हातात धरून आमचे हे उभे होते, आणि त्यांचा उजवा हात सातव्यासाठी वर गेलेला होता.

"अहो! तुम्ही? हे बायांचं काम आहे!"

"माहीत आहे," हे म्हणाले. "पण म्हटलं, मास्तरीणबाईच्या पाठीत हाणायचा चान्स पुन्हा कधी येईल, काही सांगता येत नाही."

पाठ चोळत चोळत मी विचार केला, आणि मला मान्य करावं लागलं. त्या दोन दिवसांत आमच्या घरात संभाव्यतेचं एकच गणित बरोबर सुटलं होतं, आणि ते सोडवणारा माणूस कॉमर्सचा होता.